आक्का, तुम्ही रडला होतात

आक्का, तुमची बातमी पेपरात आली. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. 'वीरमाता द्रुपदाबाई यांचे निधन.' त्यात तुमचं वय चुकलं आहे, पण ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती चूक मी धरत नाही. गाव वेळापूर लिहिलं आहे. तुम्ही वेळापूरच्या पलीकडच्या वस्तीवरच्या. पण वेळापूरच्या म्हटलेलं तुम्हाला आवडायचं, म्हणून तीही सोडून देतो. तिसरी चूक मात्र सोडता येत नाही. एकाहत्तरच्या लढाईत मुलगा पडल्याची तार आली, तेव्हा तुमच्या डोळ्यांतून टिपूसही निघालं नाही, असं त्यात छापलं आहे. पेपरवाल्याला दोष देत नाही. त्यानं हे ज्या गाण्यातून उचललं, ते गाणं मी लिहिलं आहे.

तार आली दारी, माय नाही रडली,
दुसरा असता लेक, त्याची वाट नसती अडली.

या दोन ओळी सोलापुरात कोणाला येत नाहीत? झेंडावंदनाला शाळेतल्या मुली म्हणतात, गणपतीत मेळेवाले म्हणतात. बँडवाल्यांनी तर चाल उचलून वरातीत वाजवायला सुरुवात केली. नवरदेव घोड्यावर आणि पुढं तुमच्या तारेचं गाणं! माझी सगळी हयात मिलच्या फोल्डिंग खात्यात कारकुनीत गेली, पण उद्या मी मेलो तर लोक मला या दोन ओळींवरूनच ओळखतील. आणि या दोन्ही ओळी खोट्या आहेत.

तुम्ही होतात तोवर हे चारचौघांत बोलायला माझी जीभ रेटली नाही. आता लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुठलाही कागद आला की तुम्ही मेळ्याच्या या पेटीमास्तराच्या दारात यायचात, 'मास्तर, जरा बगा की काय म्हंतंय ह्ये.' हा कागदही तसाच मी तुम्हाला वाचून दाखवतो आहे असं समजा. मध्ये टोकायचं असेल तर टोका. नेहमी टोकायचातच.

ती तारही तुम्ही माझ्याकडंच आणलीत. दुपारच्या पाळीचा पहिला भोंगा झाला होता, तुम्ही वायंडिंग खात्यात जायला निघाला होतात, भाकरीचं फडकं हातात होतं. मी तार उघडली. इंग्रजीत होती. वाचली, आणि मराठीत सांगायला तोंड उघडेना, म्हणून तीच इंग्रजी मोठ्यानं पुन्हा वाचली.

"मराटीत सांगा की, मास्तर."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात आणि म्हणालात, "ही आमची न्हाय."

"आक्का, नाव बिरूचंच आहे. पलटणही तीच आहे."

"बिरू लई असत्यात. आमच्यात घरटी एक बिरू हाय. परत द्या त्येला."

असं म्हणून तार माझ्या हातातून घेतलीत आणि चालू लागलात. मी तसाच, सदऱ्याची बटणं लावत, मागं. तुम्ही मिलकडं वळला नाहीत, पोस्टाकडं वळलात. खिडकीमागं एक तरुण पोरगा बसला होता. तुम्ही तार आत सरकवलीत.

"सायेब, ही घ्या माघारी. चुकून आलीय."

त्यानं वाचली. माझ्याकडं बघितलं. "आजी, तार परत घेत नाहीत हो."

"का घेत न्हाईत? पत्ता चुकला की कार्ड माघारी जातंय, मला ठाव हाय. माझ्या भावाचं गेलंय."

तो पोरगा खुर्चीवरून उठून उभा राहिला. आणि आक्का, तो उभा राहिल्यावर तुम्हाला कळलं. आपल्यासारख्यांसाठी खिडकीमागचा माणूस उगाच उठून उभा राहत नाही.

पोस्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही बसलात आणि असा टाहो फोडलात की रस्त्यावरचे टांगे थांबले. "मला काय बी नगं, माझा बिरू द्या," एवढंच तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणत होतात. देशाचं नाव नाही, शत्रूचं नाव नाही. शिव्या घातल्यात त्या फक्त मिलच्या माणसांना. पोराला बदलीवर न ठेवता कायम केलं असतं, तर तो पलटणीत गेलाच नसता म्हणून. तुमचं डोकं पायरीवर आपटू नये म्हणून मी मध्ये हात धरला होता. तो हात पुढं कितीतरी दिवस दुखत होता. त्याच हातानं मी लिहिलं, 'माय नाही रडली.'

असं का लिहिलं, हे तुम्ही मला कधी सरळ विचारलं नाहीत. आज सांगतो. सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. आपल्या चाळीच्या मेळ्याचा म्होरक्या नारायण माझ्याकडं आला, म्हणाला, "मास्तर, आपल्या चाळीचा जवान पडला. सगळं शहर येणार. गाणं असं पायजे की मैदान हाललं पायजे." मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्यांना लावायच्या कोऱ्या लेबलांच्या पाठीवर मी ते लिहिलं. पोस्टाच्या पायऱ्या मला आठवत नव्हत्या असं नाही. चांगल्या आठवत होत्या. पण त्या दिवसांत गल्लोगल्ली लढाईची गाणी निघत होती, आणि एकाही गाण्यात आई रडत नव्हती. कर्ण्यावरची आई रडत नव्हती, दुसऱ्या मेळ्यांतली रडत नव्हती. मग आमच्याच चाळीतली कशी रडेल? मला वाटलं, मी तुमचा मान वाढवतो आहे. खरंच तसं वाटलं, आक्का. यात लबाडी किती आणि भाबडेपणा किती, ते मला अजून वेगळं करता येत नाही.

सव्वीस जानेवारीला तुम्हाला मंचावर खुर्चीत बसवलं. गळ्यात हार, मांडीवर नवं लुगडं आणि नारळ. मी खाली पेटीवर. गाणं सुरू झालं. त्या ओळीला सगळं मैदान रडायला लागलं, आणि रडता रडता सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही इकडं बघितलंत, तिकडं बघितलंत. ओठ आत घेतलेत. नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरलात. आणि रडला नाहीत. तुम्हाला रडताच आलं नसतं. हजार माणसं तुम्ही रडत नाही यासाठी रडत होती. मी पेटीवरून ते बघितलं आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, गाणं जमलं.

त्यानंतर तुमचं रडणं बंद झालं. म्हणजे लोकांनी ते बंद केलं. वेळापूरहून तुमची नणंद सांत्वनाला आली, दारातूनच गळा काढत आली, तर चाळीतल्या माणसांनी तिला गप्प केलं, "हितं रडू नका बाई, आक्का रडत न्हाईत." तिला लुगड्याचा बोळा तोंडाशी धरून भाकरी खावी लागली. पुढं गावी जाऊन ती म्हणाली म्हणे, द्रुपदाचं काळीज दगडाचं झालंय. तेही माझ्यामुळंच.

सगळंच वाईट झालं, असं मात्र मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तुम्ही वरून ओरडाल. तुम्हाला त्या मानाची मजाही वाटायची. टांगेवाला पैसे घ्यायचा नाही, तंबूच्या सिनेमात पुढं सतरंजी मिळायची. प्रत्येक समारंभाला एक लुगडं यायचं; तुम्ही एकही नेसला नाहीत, चाळीतल्या पोरींच्या लग्नांत देऊन टाकलीत. "बिरूनं बहिनी उजवल्या बगा," म्हणायचात. आणि ते शाळेतलं भाषण! हेडमास्तरांनी हात जोडून विनंती केली, "वीरमातेनं मुलांना दोन शब्द सांगावेत." तुम्ही उठलात, मैदानाकडं बघितलंत आणि म्हणालात, "पोरांनो, उनात बसू नका." आणि खाली बसलात. टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी आभार मानताना त्या वाक्याचा अर्थ उलगडून सांगितला. घरी येताना तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, मी काय म्हनाले वो येवडं? पोरं तापली हुती म्हनून बोलले."

पुढं गणपा जॉबर वारला, तेव्हा तुमचं खरं मला कळलं.

गणपा मागखात्यावरचा मुकादम. जाडजूड, पायानं लंगडा, तोंडात कवळी, जन्मात कोणाशी गोड न बोललेला. त्याच्या मयताला सगळी चाळ लोटली. आपल्याकडं बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून गेलेल्याचे गुण सांगत रडतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! आम्ही बाप्ये बाहेर ओट्यावर बसलो होतो. आतून एकेकीचा आवाज येत होता. मग तुमचा आवाज लागला, आणि मी कान टवकारले.

"कसा पळायचास रं माझ्या हरना, पाय भुईला लागत न्हवता तुजा... पेरूच्या झाडावर आता कोन चढंल रं... दात तुटला तरी हसत आलास रं माझ्या राजा..."

गणपाचा भाऊ माझ्या शेजारी होता. तो चक्रावला. दारातून डोकं आत घालून म्हणाला, "आमचा गनपा कवा पेरूवर चढला?"

तेव्हा गणपाची बायको तानूबाई हेलाचा सूर न मोडता, त्याच सुरात म्हणाली, "गप बसा की भावजी, रडू द्या..." आणि पुन्हा आपल्या नवऱ्याला रडू लागली.

मसणवाट्यातून आल्यावर मी अंघोळ करून तुमच्या दारात आलो. तुम्ही चुलीपुढं बसला होतात. डोळे सुजलेले, पण चेहरा असा निवलेला मी तारेच्या आधीपासून बघितला नव्हता. मला बघून तुम्हाला हसू फुटलं.

"लई झालं का वो, मास्तर? गनपाला पेरूवर चढवला मी."

मीही हसलो. मग तुम्ही हसायच्या थांबलात. "काय करू सांगा. माझ्या लेकाला रडाय मला परक्याचं मडं लागतंय. घरात डोळ्याला पदर लावला की कोनतरी म्हंतंय, आक्का, तुमी न्हाई रडायचं. तुमच्या गान्यात तसं न्हाय म्हनं."

मी खाली मान घातली.

"ती वळ काढा, मास्तर."

"काढतो."

"आन् तितं खरं घाला. बाई तार माघारी द्याय गेली, असं घाला."

"आक्का, असं गाण्यात येत नाही."

"का येत न्हाय? झालंय तर तसंच की."

"झालेलं सगळं गाण्यात येत नसतं."

"आन् न झालेलं येतंय व्हय?"

तरी मी हार मानली नाही. हा वाद आपण पुढं वर्षानुवर्षं घातला. मी म्हणायचो, गाणं म्हणजे पोलिसातली जबानी नव्हे. तुम्ही म्हणायचात, "जबानी न्हवं तर माझं नाव कशाला घातलं त्यात?" मी म्हणायचो, लोकांना धीर लागतो. तुम्ही म्हणायचात, "लोकास्नी धीर आन् माझ्या जिवाला घोर." चहा गार व्हायचा. तुम्ही उठताना म्हणायचात, "ऱ्हाऊ द्या, तुमी पेटी वाजवा."

एकदा मी मनातलं दुसरं ओझं तुमच्यापुढं काढलं. पासष्टच्या लढाईनंतर मी मेळ्यासाठी एक गाणं लिहिलं होतं, 'चला रे सीमेवर' अशा थाटाचं, आणि ते गाणारा पोरगा तुमचा बिरू होता. लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन काय तडफेनं म्हणायचा! मला वाटायचं, माझ्या गाण्यानंच त्याला पलटणीत नेलं. हे मी गहिवरून तुम्हाला सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात, मानसुद्धा वर केली नाहीत.

"तुमच्या गान्यानं कोन जातंय, मास्तर? त्यो पगारासाटी गेला. त्येच्या बहिनीचं, सुबद्राचं लगीन ऱ्हायलं हुतं." मग एक खडा बाजूला टाकत म्हणालात, "त्येला ते गानं आवडत बी न्हवतं. लाकडाची बंदूक टोचायची म्हनं."

आक्का, तुम्ही मला त्या दिवशी एका पापातून सोडवलंत आणि त्याच वेळी माझा केवढा मोठा तोरा उतरवलात, ते तुम्हाला कळलं का? कळलंच असणार. खडे वेचता वेचता तुम्ही गालात हसत होतात.

दिलेला शब्द मी पाळला नाही, हे मात्र इथं नीट लिहून ठेवतो. एका गणपतीत मी ती ओळ बदलली. 'माय नाही रडली'च्या जागी 'माय किती रडली' असं घालून पोरांकडून बसवून घेतलं. पोरांनी तसं म्हटलं. पण समोरच्या लोकांना गाणं पाठ होतं. त्यांनी एका आवाजात जुनीच ओळ म्हटली, आणि त्या आवाजात आमची पोरं बुडाली. दुसऱ्या फेरीला पोरंही जुनंच म्हणू लागली. नारायण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे मास्तर, लोकास्नी तेच पायजे." मी तुम्हाला येऊन सांगितलं, लोकांनी ऐकलं नाही, मी काय करू? अर्धंच सांगितलं. भात्यावरचा हात मी काढला असता, तर गाणं तिथंच थांबलं असतं. मी उठून दोन शब्द बोललो असतो, तर लोकांनी ऐकलं असतं. मी दोन्ही केलं नाही. टाळ्या पडत होत्या, आणि मी वाजवत राहिलो. तुम्ही फक्त म्हणालात, "चा घ्या."

त्या गाण्याचं एक कडवं तुम्हाला मनापासून आवडायचं, हे मी विसरणार नाही. त्यात बिरूच्या तुटक्या दाताचा उल्लेख आहे. पेरूवरून पडून अर्धा तुटलेला, हसला की दिसणारा. दुपारी पाळी नसली की तुम्ही यायचात, उंबऱ्यावर बसायचात आणि म्हणायचात, "ते दाताचं वाजवा." मी वाजवायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. "चाल लई ग्वाड हाय," म्हणायचात. "आन् ह्ये खरं हाय." माझ्या सगळ्या लिहिण्यात एवढीच ओळ तुमच्या चाळणीतून खाली पडली नाही. बाहेरून मिलचा भोंगा व्हायचा, पाळी सुटल्याचा गलका यायचा, तुम्ही पदर झाडून उठायचात. त्या दुपारी आयुष्यात मिळाल्या, याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरचं माणूस गेल्यापासून माझ्या दारात हक्कानं बसणारं तुमच्याशिवाय कोण होतं?

आषाढात तुम्हाला ताप भरला. तुम्ही दवाखान्यात जायला तयार झाला नाहीत, आणि नंतर न्यायला वेळच राहिला नाही. श्रीपूरला सुभद्राला तार मीच केली. तिचा नवरा तिथं साखर कारखान्यात. तार पोचायला, त्यांना एसटी मिळायला दुपार झाली. तोवर नारायणानं तुमच्या दारापुढं मांडव घातला होता, कर्णा लावला होता. मेळ्याची पोरं पांढऱ्या टोप्या घालून आली होती. नगरपित्यानं मोठा हार धाडला होता. तुम्हाला 'माय नाही रडली' म्हणत न्यायचं ठरलं होतं. नारायणाच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याला याहून मोठा मान माहीत नव्हता. मला त्यानं पेटी आणायला सांगितलं, आणि मी, आक्का, ती आणलीही होती.

आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर तोंडाशी, पण आवाज नाही. एवढ्या मोठ्या मयताला एवढी शांतता मी बघितली नव्हती.

सुभद्रा चाळीच्या तोंडाशीच गळा काढत आली. हातात माझी तार होती, मुठीत चुरगळलेली. नारायण पुढं झाला. "सुबद्रे, रडू नगंस. तू कुनाची लेक हायस? सगळं सोलापूर बगतंय." आणि ती गप्प झाली. अगदी तुम्ही मंचावर झाला होतात तशी. ओठ आत घेऊन.

ते बघितलं आणि मी उठलो. मी म्हणालो, "नारायणा, तिला रडू दे. आक्का रडल्या होत्या."

"म्हंजी?"

मग मी तिथंच, मांडवात उभं राहून सगळं सांगितलं. तार, पोस्टाची खिडकी, उठून उभा राहिलेला तो पोरगा, पायऱ्या. मी म्हणालो, गाण्यातली ती ओळ मी खोटी लिहिली. मी तिथं होतो आणि तरी खोटी लिहिली. आज ते गाणं व्हायचं नाही. बाप्ये माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या खिशातलं काही काढून घेतलं. नारायणाचं तोंड उघडंच राहिलं.

तेव्हा दारातून तानूबाई, गणपाची बायको, बोलली. "मास्तर, ह्ये तुमी कुनाला सांगाय लागलाय? आमाला ठावच हाय की."

"काय ठाव आहे?"

"सगळं. म्हनून तर कुटं बी मयत झालं की पयला सांगावा आक्काला धाडत हुतो. गिरनीपलीकडं कोन मेलं तरी. तिला रडाय जागा नगं व्हय? तिचं रडनं सुरू झालं की आमी आपापला आवाज खाली घ्यायचो. तुमी बाप्ये गान्यावर इस्वास ठिवून बसला, त्येला आमी काय करावं?"

आक्का, तुम्हाला हे माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. तुम्हाला वाटायचं, आपण चोरून रडतो. आणि चाळीतल्या सगळ्या बायका तुमच्यासाठी परक्या मयतांच्या आमंत्रणांची सोय करत होत्या, एक शब्द न बोलता. तुमच्याबद्दलचं खरं सांगायला मी एवढी वर्षं घाबरलो, रात्री कूस बदलत राहिलो, आणि ते खरं अर्ध्या चाळीला आधीच ठाऊक होतं. त्या दिवशी दुसऱ्यांदा माझा तोरा उतरला. पहिल्यांदा तुम्ही उतरवला होतात, आता तुमच्या मैत्रिणींनी. मला फार बरं वाटलं.

मग सुभद्रा तुमच्या पायाशी बसली आणि तिनं सूर लावला. "तार माघारी द्याय गेलीस की गं आई, कुनी घेतली न्हाई तुजी... आता तुजी तार मी कुनाला माघारी देऊ गं, कंच्या खिडकीला जाऊ..." सगळ्या बायकांनी तिच्यामागं आवाज दिला. मी पेटीवर हात ठेवून ऐकत होतो. चाल होती, मात्रा होत्या, वळण होतं. जे गाण्यात येत नाही म्हणून मी तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडलो, ते माझ्यासमोर गाण्यात आलं होतं. हरलो, आक्का. आधीच कबूल केलं असतं, तर आणखी एक चहा गरम प्यायला मिळाला असता.

तेराव्याला मी सुभद्राला सांगितलं, हे गाणं आता मी बंद करतो. निदान माझी पेटी त्याला लागायची नाही. ती म्हणाली, "मामा, असं करू नगा. आमच्या बिरूचं नाव दुसरं कोन घेतंय? त्येच्या दाताचं त्यातच हाय. माझी पोरं बिरूमामाला त्या गान्यातच वळखत्यात." तुमचीच लेक. एका हातानं सोडवते, दुसऱ्यानं बांधते. मी हो म्हणालो.

परवा पंधरा ऑगस्टला चाळीपुढं झेंडावंदन झालं. मेळ्याच्या मुली उभ्या राहिल्या. मी भात्याला हात लावायच्या आधी उठलो आणि पोस्टाची गोष्ट पुन्हा सांगितली. बाप्यांनी माना खाली घातल्या. नारायणानं टोपी काढून हातात घेतली. मग मी बसलो, सूर दिला, आणि मुलींनी जुनंच गाणं जुन्याच शब्दांत सुरू केलं, 'तार आली दारी, माय नाही रडली...'

"व्हय व्हय! न्हायच रडली!" मागून तानूबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की झेंड्यापाशी उभ्या पाहुण्यांनी वळून बघितलं. आणि बायकांची सगळी रांग हसत सुटली. पदर तोंडाशी, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हसतायत. शेजारीण शेजारणीला ढोसते आहे. त्या हसण्यानं पुढच्या मुली गोंधळल्या, त्यांना पुढचे शब्द आठवेनात, आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मलाही हसू आवरत नव्हतं, पण मी हात थांबवला नाही. 'दुसरा असता लेक...' ही दुसरी ओळ त्या दिवशी कोणी म्हटली नाही. ती नुसती पेटीवर वाजली.